पद्मिनीच्या इंजिनाचे सुटे भाग: डबा एक, माल वेगळा

प्रीमियर पद्मिनीचे इंजिन पूर्ण उघडायचे म्हटले की ऐकणारा पहिल्यांदा विचारतो, "पण स्पेअर मिळतात का अजून?" मिळतात. मुंबईत तरी पद्मिनीच्या इंजिनाचा जवळजवळ प्रत्येक भाग थोडी पायपीट केली तर मिळतो, आणि खरी अडचण तिथूनच सुरू होते; कारण ऑपेरा हाउसच्या बाजूच्या दुकानात फळीवरून एकाच नावाचे तीन डबे खाली येतात, तिन्हींवर गाडीचे नाव तेच, साईजही तीच, आणि आतले पिस्टन मात्र एकमेकांशी जुळत नाहीत. कोणता डबा घ्यायचा हे किमतीवरून ठरत नाही आणि छपाईवरून तर मुळीच ठरत नाही. ते ठरते गाडीतून काढलेल्या जुन्या भागावरून आणि मायक्रोमीटरवरून. घरच्या १९७६ सालच्या पद्मिनीचे इंजिन सध्या परळच्या एका गॅरेजात उघडून पडले आहे. त्या निमित्ताने कोणत्या भागातला फरक नेमका कुठे सापडतो, हे सविस्तर लिहून ठेवत आहे.

हा गोंधळ कुठून आला हे समजण्यासाठी गाडीची वंशावळ थोडी पाहावी लागते. वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यात फियाट ११०० या इटालियन गाडीची निरनिराळी रूपे तयार होत गेली. १९६४ मध्ये '११०० डिलाइट' आली, पुढे तिचेच नाव 'प्रेसिडेंट' झाले आणि १९७४ पासून 'पद्मिनी'. बिडाचा ब्लॉक, ॲल्युमिनियमचे हेड, तीन मेन बेअरिंगांवर फिरणारी क्रँक (पिस्टनच्या वरखाली हालचालीचे फिरणे करणारा दांडा), ६८ मि.मी. बोअर (सिलिंडरचा आतला व्यास) आणि ७५ मि.मी. स्ट्रोक (पिस्टनची वरखाली धाव), म्हणजे १०८९ सी.सी., ही आपल्याकडच्या इंजिनाची ओळख. पण साठच्या दशकात खुद्द इटलीत '११०० डी' या नावाने जी गाडी विकली जात होती, तिच्या इंजिनाचा बोअर ७२ मि.मी. आणि क्षमता १२२१ सी.सी. होती. त्यामुळे परदेशातून 'फियाट ११०० डी' असे नाव वाचून मागवलेला पिस्टन किंवा हेड गॅस्केट आपल्या गाडीला लागू होईलच असे नाही. त्यात भर म्हणून याच गाडीची १३६६ सी.सी.ची डिझेल आवृत्तीही रस्त्यावर आली होती आणि भंगाराच्या दुकानात तिचेही भाग 'पद्मिनीचे' म्हणूनच ओळखले जातात.

पद्मिनीचे उत्पादन २००० च्या सुमारास थांबले. तेव्हापासून बाजारात तीन प्रकारचा माल फिरतो आहे. पहिला, गाडी बनत असतानाच्या काळातला, कारखान्याला माल पुरवणाऱ्या कंपन्यांचा, गोदामात पडून राहिलेला जुना स्टॉक. दुसरा, नंतर राजकोटपासून दिल्लीपर्यंतच्या लहान कारखान्यांनी नमुना बघून बनवलेला 'लोकल' माल. तिसरा, कुर्ल्याच्या सी.एस.टी. रोडवर मोडीत निघालेल्या गाड्यांतून, विशेषतः काळ्या-पिवळ्या टॅक्स्यांतून, काढलेला माल. शेवटची नोंदणीकृत पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये वयोमर्यादेमुळे मुंबईच्या रस्त्यांवरून निवृत्त झाली, त्यामुळे हा तिसरा झरा आता आटत जाणार हे उघड आहे. जुना स्टॉक म्हणजे उत्तम आणि लोकल म्हणजे टाकाऊ, अशी सरसकट समजूत मात्र मला पटत नाही. जुन्या स्टॉकमधील रबर कडक झालेले असते, रिंगांवर गंज चढलेला असतो. उलट काही लोकल बेअरिंगे मोजमापात अगदी काटेकोर निघतात.

सर्वांत जास्त फसगत पिस्टनमध्ये होते, म्हणून त्यावर थोडे थांबतो. पिस्टन दिसतो गोल, पण तो गोल नसतो. त्याचा खालचा घेर मुद्दाम अंडाकृती घासलेला असतो आणि वरच्या बाजूला तो किंचित निमुळता होत जातो, कारण गरम झाल्यावर पिनेच्या (पिस्टनला कनेक्टिंग रॉडशी जोडणाऱ्या आडव्या दांडीच्या) दिशेने तो अधिक फुगतो आणि माथा तर सर्वांत जास्त तापतो. म्हणून पिस्टनची खरी साईज पिनेला काटकोनात, घेराच्या खालच्या भागात मोजायची असते. दुकानाच्या काउंटरवर मी आणि आमचे मिस्त्री '०४०' छापलेल्या डब्यातला पिस्टन घेऊन उभे होतो, तेव्हा दुकानदाराच्या पोऱ्याने व्हर्निअर पिनेच्या दिशेने लावून "बघा, छोटा आहे" असे सांगितले. मिस्त्रींनी काही न बोलता पिस्टन पाव फेरा फिरवला, खालच्या कडेपासून साधारण बोटभर वर मायक्रोमीटर लावला आणि आकडा माझ्यापुढे धरला: ६८.९६. पिनेच्या दिशेने तोच पिस्टन याहून एक-दोन दशांश मि.मी. कमी दाखवतो, आणि त्यात बनवणाऱ्याचा दोष काहीच नसतो.

आता त्या ६८.९६ चा अर्थ. आपल्याकडे ओव्हरसाईज, म्हणजे झिजलेला बोअर मोठा केल्यावर लागणारी वाढीव साईज, इंचाच्या हजाराव्या भागात, गॅरेजच्या भाषेत 'थाऊ'मध्ये, सांगतात: दहा, वीस, तीस, चाळीस. चाळीस थाऊ म्हणजे १.०१६ मि.मी., म्हणजे ६८ च्या बोअरचा ६९.०१६ होतो. पण काही उत्पादक मेट्रिक पायऱ्यांनी पिस्टन बनवतात आणि त्यांचा १.०० मि.मी. ओव्हरसाईजचा पिस्टन सर्रास '०४०' म्हणून विकला जातो. दोन्हींत फरक फक्त ०.०१६ मि.मी.चा. हा फरक केसाच्या जाडीहूनही कमी असला, तरी ओतीव ॲल्युमिनियमच्या पिस्टनला सिलिंडरमध्ये मिळणारी मोकळीकच मुळी ०.०४ मि.मी.च्या आसपास असते, तेव्हा तिच्यातला तिसऱ्या हिश्श्याहून जास्त भाग या एका गोंधळात इकडचा तिकडे होतो. आमच्या हातातला पिस्टन ६९.०० च्या बोअरसाठी होता. डब्यावरचा आकडा वाचून वर्कशॉपने ६९.०१६ चा बोअर मारला असता तर इंजिन चालले असते, पण थंड असताना पिस्टनची टकटक ऐकू आली असती आणि तेल पिण्याची तक्रार लवकर सुरू झाली असती.

म्हणून जाणकार वर्कशॉपवाला पिस्टन समोर ठेवल्याशिवाय बोअर मारायला घेत नाही. चारही पिस्टन मोजतो, त्यांवर खडूने एक ते चार आकडे टाकतो आणि ज्या सिलिंडरला जो पिस्टन, त्याच्या मापाने तो बोअर करतो. फियाटच्या अनेक इंजिनांत तर कारखान्यातच पिस्टन मि.मी.च्या शंभराव्या भागाच्या फरकाने वर्गवारी करून, अक्षरांच्या खुणा मारून जुळवले जात. एक छोटी गोष्ट इथे सांगून ठेवतो: ॲल्युमिनियम उष्णतेने बिडाच्या जवळपास दुप्पट प्रसरण पावते, आणि ६९ मि.मी.चा पिस्टन दहा अंश तापला तर तो मि.मी.च्या शंभराव्या भागाहून जास्त वाढतो. मे महिन्यात गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवून आणलेला पिस्टन लगेच मोजायला घेणे म्हणजे उन्हाचे माप घेणे.

घेरानंतर उंची. पिनेच्या मध्यापासून माथ्यापर्यंतचे अंतर हे पिस्टनचे सर्वांत महत्त्वाचे आणि सर्वांत कमी तपासले जाणारे माप आहे. ते थेट मोजता येत नाही. पिनेच्या भोकाच्या वरच्या कडेपासून माथ्यापर्यंत मोजायचे आणि त्यात पिनेचा अर्धा व्यास मिळवायचा. नमुना बघून बनवलेल्या पिस्टनमध्ये हे अंतर कधी कधी एक मि.मी.पर्यंत कमी भरते, कारण ज्या जुन्या पिस्टनचा नमुना घेतला त्याचा माथा कोणीतरी आधीच घासलेला असू शकतो. एक मि.मी. म्हणजे किती? ६८ मि.मी. बोअरच्या प्रत्येक सिलिंडरची क्षमता सुमारे २७२.४ सी.सी. आहे. कॉम्प्रेशनचे गुणोत्तर (पिस्टन खाली असतानाची आणि वर असतानाची जागा यांचे प्रमाण) ७.३ धरले, तर पिस्टन सर्वांत वर असताना उरणारी जागा सुमारे ४३.२ सी.सी. येते. पिस्टन एक मि.मी. खाली थांबला की तिच्यात ३.६ सी.सी.ची भर पडते आणि ७.३ चे ६.८ होते. गाडी सुरू होते, चालतेही. फक्त पेडर रोडचा चढ तिला दुसऱ्या गिअरमध्ये घ्यावा लागतो आणि मालक कार्ब्युरेटरला दोष देत बसतो.

माथ्याचा आकार, पिनेचा व्यास आणि पुढची बाजू दाखवणारी खूण या गोष्टी जुना पिस्टन शेजारी ठेवला की डोळ्यांनीच कळतात. वजन मात्र डोळ्यांना कळत नाही. झवेरी बाजारात मिळतो तसला छोटा डिजिटल काटा यासाठी पुरतो. एका सेटमधील चार पिस्टनांत दोन ग्रॅमचा फरक मला चालतो. चार-पाच ग्रॅमचा निघाला तर सेट परत करतो. मग दुकानदार काहीही म्हणो. त्या दिवशी आमच्या दुकानदाराचे म्हणणे होते, "शेठ, चालीस साल से यही माल जा रहा है, आँख बंद करके डालो."

रिंगांचा हिशेब सोपा आहे, पण तो करणारे कमी. रिंग सिलिंडरमध्ये सरळ बसवून तिच्या दोन टोकांमधील फट फीलर गेजने (ठरलेल्या जाडीच्या पातळ पट्ट्यांनी) मोजायची. बोअरच्या दर इंचामागे तीन ते चार थाऊ हा जुना ठोकताळा ६८ मि.मी.साठी पाव मि.मी.च्या आसपासची फट सांगतो. बोअर ०.२५ मि.मी.ने मोठा आणि रिंग मात्र त्याच्या आधीच्या साईजची असेल, तर ही फट परिघाच्या नियमाने ०.७८ मि.मी.ने वाढते. म्हणजे चुकीच्या साईजची रिंग डब्यावर काहीही लिहिलेले असले तरी फटीत लगेच पकडली जाते. खाचेच्या रुंदीत मात्र इंच आणि मेट्रिकचे भांडण पुन्हा येते. पाच-चौसष्टांश इंचाची रिंग १.९८ मि.मी. जाड असते आणि दोन मि.मी.ची रिंग अर्थातच २.००, डोळ्यांना दोन्ही सारख्याच. एका पद्धतीच्या खाचेत दुसऱ्या पद्धतीची जाड रिंग बसवली, तर वरखाली सरकण्याची जेमतेम ठेवलेली मोकळीक नाहीशी होते आणि तापल्यावर रिंग अडकते. नवा पिस्टन आणि नव्या रिंगा वेगवेगळ्या कंपन्यांच्या घ्यायच्या झाल्या, तर प्रत्येक रिंग तिच्या खाचेत बाहेरून पूर्ण फिरवून बघण्याखेरीज दुसरा उपाय नाही. दुसरी रिंग बहुधा तिरक्या धारेची असते आणि तिच्यावर 'टॉप' अशी बारीक खूण असते. ही खूण नसलेला सेट मी घेत नाही.

क्रँकच्या बेअरिंगांकडे येण्याआधी क्रँक स्वतः मोजावी लागते, कारण पन्नास वर्षांच्या गाडीची क्रँक कितव्यांदा ग्राइंड झाली आहे हे कोणत्याही कागदावर लिहिलेले नसते. मेन (क्रँक ब्लॉकमध्ये बसते ती जागा) एका साईजवर आणि बिग एंड (कनेक्टिंग रॉड क्रँकला जोडला जातो ती जागा) दुसऱ्याच साईजवर असणे अगदी नेहमीचे आहे. बेअरिंगच्या पाठीवर 'एस.टी.डी.' (मूळ साईज), '०१०', '०२०' असे आकडे असतात. दहा थाऊ अंडरसाईज म्हणजे क्रँकचा व्यास ०.२५४ मि.मी.ने कमी, आणि ते भरून काढण्यासाठी प्रत्येक अर्ध्या वाटीची जाडी ०.१२७ मि.मी.ने जास्त. वाटीची जाडी सपाट जबड्याच्या व्हर्निअरने मोजली तर चुकीची येते, कारण आतली बाजू वक्र असते. त्यासाठीचा गोल टोकाचा मायक्रोमीटर महाग असतो, पण नागदेवी स्ट्रीटवर बेअरिंगच्या दुकानात सुटी मिळणारी पोलादी गोळी वाटीच्या आत ठेवून दोन्ही मिळून मोजायचे आणि गोळीचा व्यास वजा करायचा, ही युक्ती तेवढीच अचूक आहे.

पाठीवरचा आकडा आणि प्रत्यक्ष जाडी जुळली तरी काम संपत नाही. वाटीचा अडकवण्याचा काप कोणत्या कडेला आहे, तेलाचे भोक ब्लॉकमधील भोकाशी जुळते का, तेल वाहून नेणारी चर वरच्या वाटीत आहे की दोन्हींत, आणि वाटीची रुंदी क्रँकच्या गोलसर कोपऱ्याला घासते का, हे बघावे लागते. शेवटचा मुद्दा विशेष महत्त्वाचा. ग्राइंडिंग करताना कोपऱ्याची गोलाई मोठी ठेवलेली असेल आणि लोकल वाटी मूळच्या वाटीपेक्षा अर्धा मि.मी. रुंद असेल, तर तिची कड त्या गोलाईवर चढते आणि नवी बेअरिंग काही शे किलोमीटरांत खलास होते. भोक अर्धवट झाकले जाते असा मालही मी पाहिला आहे. अशी वाटी कानशीने भोक मोठे करून वापरण्याचा सल्ला कोणी देत असेल, तर तिथून निघणेच बरे. सर्व जुळल्यावर प्लास्टिगेजचा धागा (दाबला जाऊन जेवढा पसरतो त्यावरून मोकळीक सांगणारा) ठेवून, नट ठरलेल्या ताणाने आवळून, पुन्हा उघडून मोकळीक बघायची. साधारण ०.०३ ते ०.०७ मि.मी.च्या दरम्यान आकडा आला की मिस्त्रींचा चेहरा मोकळा होतो.

व्हॉल्व्हच्या बाबतीत खिशातले चुंबक उपयोगी पडते. इनटेकचे व्हॉल्व्ह चुंबकाला चिकटतात. एक्झॉस्टचे चांगले व्हॉल्व्ह उष्णता सहन करणाऱ्या ज्या पोलादाचे बनवतात ते चुंबकाला चिकटत नाही. मात्र अनेक एक्झॉस्ट व्हॉल्व्ह दोन धातू जोडून बनवलेले असतात, त्यांची दांडी चिकटते आणि डोके चिकटत नाही, म्हणून चुंबक डोक्यालाच लावायचे. आता डोके चिकटले म्हणजे व्हॉल्व्ह बनावट, असा निष्कर्ष काढण्याची घाई करू नये. त्या काळातील काही इंजिनांना कारखान्यातूनच चुंबकाला चिकटणाऱ्या, सिलिकॉन-क्रोम पोलादाचे एक्झॉस्ट व्हॉल्व्ह येत. चुंबक खरे तर एवढेच सांगते की चार व्हॉल्व्ह एकाच धातूचे आहेत की सेट इकडून तिकडून गोळा करून भरला आहे. चारपैकी एकच वेगळा वागला, तर मात्र डबा बंद करून परत द्यावा.

त्याशिवाय दांडीचा व्यास, डोक्याचा व्यास, एकूण लांबी आणि लॉक (व्हॉल्व्हला स्प्रिंगशी धरून ठेवणारा तुकडा) बसण्याच्या खाचेचा आकार ही चार मापे जुन्याशी ताडून घ्यावीत. लांबी जास्त असेल तर टॅपेटचा स्क्रू संपूर्ण मागे घेऊनही गाळा (व्हॉल्व्हच्या टोकाशी ठेवायची बारीक फट) मिळत नाही, आणि मग व्हॉल्व्हचे टोक घासण्याची पाळी येते. टोकावरचा कडक थर पातळ असतो, तो गेला की टोक दबायला लागते. खाचेचा फरक त्याहून धोक्याचा आहे, कारण लॉक नीट न बसता नुसतेच अडकून राहिले तर व्हॉल्व्ह सुटून सिलिंडरमध्ये पडू शकतो. माझ्या मते व्हॉल्व्ह आणि लॉक नेहमी एकाच घरचे घ्यावेत, थोडे महाग पडले तरी.

टॅक्सीतून काढलेले हेड स्वस्तात मिळते आणि पाहायला अनेकदा स्वच्छ असते. मुंबईच्या बहुतेक टॅक्स्या पुढे सी.एन.जी.वर चालल्या. वायूच्या इंधनाला पेट्रोलसारखा ओलावा नसतो, त्यामुळे व्हॉल्व्हची बैठक झिजत झिजत खोल जाते. हेड ॲल्युमिनियमचे असल्याने बैठकीचे कडे वेगळे ठोकून बसवलेले असते. ते पूर्वी बदलले आहे का, कोणत्या धातूचे आहे आणि व्हॉल्व्ह त्यात किती बुडतो, हे पाहूनच सौदा करावा. मी हेडमध्ये नवा व्हॉल्व्ह ठेवून वरून सरळ पट्टी धरतो. डोके पट्टीपासून किती खाली आहे हे चारही ठिकाणी सारखे आले नाही, तर पुढे बोलणे वाढवत नाही.

हेड गॅस्केटबद्दल थोडक्यात. ७२ मि.मी.साठीचे गॅस्केट ६८ च्या बोअरवर बसवले तर भोवती दोन मि.मी.ची रिकामी चर उरते आणि तिच्यात कार्बन साठतो. उलट बाजूने लहान भोकाचे गॅस्केट मोठ्या बोअरवर टाकले तर त्याची धातूची कड आत डोकावून लालभडक तापते आणि ठिणगीआधीच मिश्रण पेटवते. जाडीतील फरक तुलनेने क्षम्य आहे, ०.३ मि.मी. जास्त जाडीने ७.३ चे गुणोत्तर ७.१५ च्या आसपास येते, आणि हेड पूर्वी घासलेले असेल तर जाड गॅस्केट उलट सोयीचेच. पाण्याची भोके मात्र एकेक करून जुन्याशी जुळवावीत. जुन्या स्टॉकची तांब्याची गॅस्केटे बहुधा ॲस्बेस्टॉसची असतात. काढताना ती कोरडी खरवडू नयेत, ओली करून काढावीत.

कार्ब्युरेटरच्या जेटवरचा (पेट्रोल मापून सोडणाऱ्या बारीक तोटीवरचा) आकडा म्हणजे भोकाचा व्यास मि.मी.च्या शंभराव्या भागात. १२० चा १३० केला की क्षेत्रफळ सतरा टक्क्यांनी वाढते; आणि तारेने कोरून 'साफ' केलेला १२० चा जेट प्रत्यक्षात कितीचा झाला आहे हे आकडा सांगत नाही. प्लगच्या आट्यांची लांबी १२.७ आणि १९ मि.मी. अशा दोन मापांत येते, तेव्हा काढलेल्या प्लगशी धरून बघावी. पेट्रोल पंपाचा पडदा जुन्या स्टॉकचा घेऊ नये असे माझे ठाम मत झाले आहे, कारण आताच्या पेट्रोलमध्ये वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते आणि त्या काळचे रबर त्यासाठी बनवलेलेच नव्हते.

कोणी विचारेल, एवढी कटकट करण्यापेक्षा दुसऱ्या गाडीचे नवे इंजिन का बसवत नाही? पुष्कळांनी बसवलेही आहे. पण २०२१ मध्ये केंद्र सरकारने व्हिंटेज वाहनांसाठी जे नियम केले, त्यांनुसार पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षे पूर्ण झालेल्या आणि मूळ स्वरूपात जपलेल्या गाडीलाच 'व्ही.ए.' अक्षरांची वेगळी नोंदणी मिळते. चासी, बॉडी किंवा इंजिनात बदल केलेली गाडी त्यात बसत नाही. आमच्या गाडीला ती पाटी लावायची इच्छा आहे, म्हणून १०८९ सी.सी.चे इंजिनच ठेवायचे ठरले आहे. दुसऱ्या बाजूने, रोज ठाणे-फोर्ट अशी ये-जा करायची असेल, तर हा अट्टहास कोणी करावा असे मी म्हणणार नाही.

मोजमापांसाठी एक साधी वही केली आहे. प्रत्येक भागाला एक पान. डाव्या बाजूला जुन्या भागाची मापे, उजव्या बाजूला दुकानात पाहिलेल्या मालाची, आणि खाली कोणत्या गल्लीत काय भावाने मिळत होता ते. जुने भाग तेलाच्या फडक्यात गुंडाळून, पाटी लावून ठेवले आहेत. भंगारवाल्याला इंजिन सुरू होईपर्यंत काहीही द्यायचे नाही असे मिस्त्रींनी बजावले आहे, कारण झिजलेल्या भागावरही न झिजलेली एखादी जागा असते आणि मूळ माप तिथेच वाचता येते. पिस्टनची न घासलेली बाजू, क्रँकचा तेलाच्या सीलपलीकडचा भाग, व्हॉल्व्हच्या दांडीचे लॉकजवळचे टोक, या त्या जागा.

सध्या प्रश्न अडला आहे तो वॉटर पंपाशी. लोकल पंप नवाकोरा मिळाला, पण त्याचे पंखे पत्र्याचे आणि सरळ आहेत, मूळच्या पंपाचे ओतीव आणि वळलेले होते. पंख्यांची कड आणि घराची भिंत यांत मूळ पंपात जेमतेम एक मि.मी. अंतर आहे, नव्यात ते दोनहून जास्त भरते. म्हणजे गाडी पळत असताना पाणी फिरेल, पण सायनच्या सिग्नलला उभी राहिली की तापमानाचा काटा चढेल. शिवाय पुली बसण्याची चकती नव्या पंपात तीन मि.मी. पुढे आहे, त्यामुळे पट्टा तिरका पडतो आणि फॅन रेडिएटरकडे सरकतो. तेव्हा जुन्याच घरात नवी बेअरिंग आणि नवे सील बसवायचे ठरवले. सील नागदेवीला मिळाले. बेअरिंग व्यासाला अचूक आहे, पण तिची दांडी जुन्यापेक्षा लांब निघाली आहे. दांडी कडक पोलादाची असल्याने करवतीने कापता येत नाही, ग्राइंडरवर पाणी मारत कापावी लागेल, आणि तसे करताना बेअरिंगमधील ग्रीस तापू न देता ते काम करणारा माणूस लालबागला आहे असे मिस्त्री म्हणतात. शनिवारी त्यांच्याबरोबर तिकडे जाऊन विचारायचे आहे.